मूठभर सांबार

माझे बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होते. त्यांनी मला पाढ्यांच्या आधी अर्ज लिहायला शिकवलं, असं आई म्हणायची. प्रति, विषय, महोदय, मग एक ओळ सोडून 'उपरोक्त विषयास अनुसरून'. समास किती सोडायचा, सही कुठे करायची, हे मला चौथीतच पाठ होतं. गावातल्या कितीतरी लोकांची रेशनकार्डाची आणि विजेच्या मीटरची रडगाणी मी ओसरीवर बसून शुद्ध मराठीत आणली आहेत. अक्षर गोल, टपोरं. दहावीच्या मार्कांपेक्षा बाबांना त्या अक्षराचं कौतुक जास्त होतं. हे सगळं आधी सांगून टाकते, कारण पुढे जे सांगायचं आहे ते याच हातानं केलेलं आहे आणि ते सांगताना मी पळवाटा शोधणार, हे मला ठाऊक आहे.

बी. फार्मला माझा नंबर वर्ध्याच्या कडेला असलेल्या एका कॉलेजात लागला. कॉलेजचं नाव सांगत नाही. ज्यांच्याबद्दल हे आहे त्या मावशी अजून तिथे कामाला असतील. आमचं गाव एसटीनं तासाभरावर, पण प्रॅक्टिकल संध्याकाळपर्यंत लांबायचं म्हणून मी होस्टेलला राहिले.

पहिल्या वर्षाला मोठं दुःख नसतं, बारीक बारीक ताप असतात. आयकार्डाशिवाय गेटवरचा गार्ड आत सोडत नव्हता. आयकार्डाच्या खिडकीवर बोनाफाइड मागायचे आणि बोनाफाइडच्या खिडकीवर आयकार्ड. दोन्ही खिडक्यांना दीड ते अडीच जेवणाची सुट्टी होती आणि ती साडेतीनपर्यंत पुरायची. लिफ्ट फक्त स्टाफसाठी, आमची लॅब चौथ्या मजल्यावर. चाळीस मुलींत एक गिझर. हजेरी मोबाईलच्या ॲपवर लागायची आणि मी वर्गात पहिल्या बाकावर बसलेली असताना ते ॲप मला सेवाग्रामात दाखवायचं. पंधरा दिवस मी कागदोपत्री सेवाग्रामात राहत होते. हे मी आता हसत सांगते. तेव्हा रोज रडू यायचं.

त्या आयकार्डापायीच माझी पहिली फजिती झाली. तिसऱ्या आठवड्यात भर वर्गात उभी राहून मी विचारलं, "सर, माह्यं आयकार्ड काऊन नाई आलं?"

आमच्याकडे 'का' असं विचारताना काऊन म्हणतात. मागून कुणीतरी 'काऊन' असं नुसतं म्हणून पाहिलं. मग दुसऱ्यानं. सर ओठ दाबून हसले. दुपारपर्यंत माझं नाव काऊन पडलं होतं. ए काऊन, जेवायला येतेस का? काऊन, तुझी जर्नल दे ना. पुण्या-मुंबईची, नाशिकची पोरं बरीच होती. आमच्याकडची होती ती बहुतेक वर्ध्याहून येऊन-जाऊन करणारी, आपापसात हिंदी बोलणारी. ती हुशार, वेळेवर सटकली. मी सापडले. त्यात फार दुष्टावा नव्हता, पण मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ज्या पोरीनं अख्ख्या गावाचे अर्ज शुद्ध मराठीत लिहिले, तिला मराठी बोलता येत नाही असं ठरलं.

मग मी जीभ घासून काढली. मले-तुले गेलं, मला-तुला आलं. 'करून राह्यली'चं 'करतेय' झालं. माझी रूममेट पुण्याची. ती कशी बोलते ते मी कान देऊन ऐकायची आणि बाथरूममध्ये नळ सोडून हळूच म्हणून बघायची. 'अगं, काय सांगतेस!' हे वाक्य मला जमायला चार दिवस लागले. घरचा फोन आला की गच्चीवर टाकीच्या मागे जाऊन बोलायची. दिवाळीच्या आधी आई म्हणाली, "तू अशी पाहुण्यासारखी काऊन बोलून राह्यली वं?" मी रेंज नाही म्हणून फोन ठेवला. दिवाळीपर्यंत माझं काऊन हे नाव लोक विसरले होते. मला वाटलं, जिंकलं आपण.

दिवाळीनंतर मेसच्या काउंटरवर एक नवीन मावशी आल्या. पन्नाशीच्या, किडकिडीत, चष्म्याला दोरी बांधलेली. बोरगाव मेघेहून पायी यायच्या. आम्हा सगळ्यांना त्या लेकरांसारखं वागवायच्या. "घे न बाई, लाजू नको. थांबजो, गरम पोळी येऊन राह्यली." कोण दोन दिवस जेवायला आली नाही हे त्यांच्या बरोबर ध्यानात राहायचं. त्यांचं बोलणं कानावर पडलं की मला आईचा आवाज आल्यासारखं वाटायचं आणि म्हणूनच मी ताट पुढे करून खाली बघायची. त्यांनी मला कधी ओळखलं तर? तू कोन्या गावची वं, असं मोठ्यानं विचारलं तर? हीच धास्ती.

रविवारची सकाळ होती. शनिवारी दुपारीच इकडच्या मुली एसटी धरून घरी जायच्या. होस्टेलला उरायच्या त्या लांबच्या. आणि मी. मी अभ्यासाचं कारण सांगून थांबायची. खरं कारण असं की सोमवारी घरून परत आलं की जिभेवर पुन्हा 'मले' यायचं.

नाश्त्याला इडली होती. मेसमध्ये इडलीबरोबर जे पातळ मिळायचं त्याला स्वयंपाकघरातले सगळे 'इडलीची दाळ' म्हणत. रूममेटचा तो आठवडा वाईटच गेला होता. इथल्या पाण्यानं तिचे केस गळत होते, जर्नल दोनदा परत आली होती, आदल्या रात्री घरच्यांशी फोनवर भांडण झालं होतं. ती काउंटरवर गेली आणि म्हणाली, "मावशी, वरून थोडं सांबार घाला ना."

मावशींनी बाजूच्या स्टीलच्या डब्यात हात घातला आणि बारीक चिरलेली कोथिंबीर मूठभर तिच्या इडल्यांवर टाकली.

आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात. वर्ध्याला, नागपूरला, सगळीकडे. बाजारात सांबाराची जुडी मिळते, घरी सांबाराच्या वड्या होतात. आणि आमचा सांबार पुल्लिंगी आहे. रूममेट 'थोडं सांबार' म्हणाली. एवढ्या एका अनुस्वारावरून मावशींना कळायला हवं होतं असं म्हणायचं का? ही पुण्याची पोरगी, सांबार मागते म्हणजे वरून हिरवंगार हवं असेल, असं त्यांना वाटलं. बस, एवढंच.

"मावशी, मी सांबार मागितलं," रूममेट म्हणाली.

"सांबारच त देल्ला बाई. आनखी पायजे काय?" म्हणून मावशींनी हसतमुखानं आणखी एक मूठ टाकली.

रांगेतल्या मुली फिदीफिदी हसल्या. मग अख्खा हॉल. रूममेटचा चेहरा लालबुंद झाला, ताट तिथेच आपटून ती निघून गेली. मावशी डबा हातात धरून बघत राहिल्या. त्यांना वाटलं, कमी पडला.

मी रांगेत तिच्या मागे, तिसरी होते. काय झालं ते मला त्याच क्षणी कळलं. एक वाक्य बोलायचं होतं. अगं, इकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात. संपलं असतं. तीच मुलगी हसली असती. पण त्या वाक्याच्या पाठीमागे 'तुला कसं माहीत?' उभं होतं आणि त्याच्याही पाठीमागे काऊन. मी गप्प राहिले. आणखी एक सांगते, ते सांगायला जास्त लाज वाटते. हॉल हसला तेव्हा मला बरं वाटलं. या वेळी हसू दुसऱ्या कुणाच्या वाट्याला आलं होतं, आणि तेही पुण्याच्या.

खोलीत रूममेट उशीत डोकं खुपसून रडत होती. चार-पाच मुली जमल्या होत्या. ती बाई मुद्दाम करते, सगळ्यांना अरेतुरे करते, हिला भर हॉलमध्ये वेड्यात काढलं. मेसवरचा आधीचा राग होताच; कच्च्या पोळ्या, पातळ वरण, सगळं त्या एका मावशीच्या नावावर जमा झालं. कुणीतरी म्हणालं, लेखी तक्रार देऊ. कुणीतरी म्हणालं, हिचं मराठी छान आहे, हिला लिहू दे.

हिचं मराठी छान आहे. तीन महिने मी या वाक्यासाठी झुरले होते. मी वही ओढली, समास सोडला आणि लिहायला बसले.

'सांबार मागितले असता' इथपर्यंत येऊन पेन थांबलं. हा एक शब्द कागदावर गेला तर ऑफिसातला कुणीही शिपाई वाचून हसेल आणि म्हणेल, अरे, हा तर बोलण्यातला फरक आहे. मग प्रश्न निघेल की अर्ज लिहिणारी कुठली, आणि तिला एवढंही कळलं नाही का? मी तो कागद फाडला. नवीन घेतला. त्यावर लिहिलं, 'मागितलेला पदार्थ न देता ताटात दोन वेळा कोथिंबीर फेकली.' त्यात एक शब्द खोटा आहे, 'फेकली'. बाकीचं सगळं खरं आहे. कोणता शब्द गाळला की खरं खोटं होतं, हे मला नीट कळत होतं. पुढे लिहिलं, 'सदर महिला कर्मचारी विद्यार्थिनींशी उद्धटपणे वागतात व त्यांचा एकेरी उल्लेख करतात.' खाली बारा सह्या झाल्या. माझी सही शेवटची.

सोमवारी सकाळी, इकडच्या मुली परतायच्या आत, आम्ही रेक्टर मॅडमकडे गेलो. त्या कोल्हापूरकडच्या, नुकत्याच बदलून आलेल्या. अर्ज त्यांनी दोनदा वाचला. मग चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "काही गैरसमज तर नाही ना झालेला? बाई बऱ्या वाटतात मला."

अर्ज मीच पुढे केला होता म्हणून त्या माझ्याकडेच बघत होत्या.

"नाही मॅडम," मी म्हणाले.

पुढचं मला मागाहून कळलं. मेसच्या ठेकेदारानं मावशींना एवढंच विचारलं, पोरीच्या ताटात कोथिंबीर टाकली का? त्या म्हणाल्या, हो, टाकली. त्याला पुढे ऐकायची गरज वाटली नाही. दुसऱ्या दिवशी काउंटरवर दुसरी बाई होती आणि मावशी मागच्या मोरीवर भांडी घासायला. चारशे ताटं सकाळी, चारशे संध्याकाळी. खरकटं टाकायची खिडकी मोरीला लागूनच होती. तिथे ताट ठेवताना त्यांचे हात दिसायचे, सोड्यानं पांढरे पडलेले, बोटांच्या पेरांवर चिरा. मी ताट सरकवून निघून जायची. जेवण मात्र मला व्यवस्थित जात होतं. तेव्हा घास घशाखाली उतरला नाही असं लिहायला आवडलं असतं, पण तसं काही झालं नाही.

आठेक दिवसांनी, दुपारी मेस बंद झाल्यावर, मी वॉटर कूलरशी बाटली भरत होते. मावशी आल्या. पदरात एक कागद होता.

"बाई, दोन मिनिट हाय काय? एवढं वाचून देशीन काय मले? ठेकेदार म्हनते माफी लिहून दे, मंग पाहू काउंटरचं. पन माफी कायची मागाची, थे त समजू दे पयले."

माझ्याच अर्जाची झेरॉक्स होती. खालच्या सह्या झाकून काढलेली.

"अक्षर मोठं सुंदर हाय," त्या म्हणाल्या. "मले वाचता येत नाई, पन पाहाले बरं वाटते."

आम्ही जिन्याच्या पायरीवर बसलो. मी वाचायला लागले. मध्येच त्यांनी थांबवलं.

"उद्धट म्हंजे काय?"

मी शुद्ध मराठीत सांगायला तोंड उघडलं आणि एकही शब्द सापडेना. उद्धट म्हणजे उर्मट, उर्मट म्हणजे उद्धट. "उद्धट म्हंजे," मी म्हणाले, "समोरच्याले उलटून बोलनं. माज करनं."

तीन-चार महिन्यांत पहिल्यांदा मी कॉलेजच्या आवारात माझ्या भाषेत बोलले, आणि बोलले ते हे.

"मी माज केला?" मावशी म्हणाल्या. त्या चिडल्या नव्हत्या, आठवून बघत होत्या. "अन् एकेरी म्हंजे?"

"तुमी पोरीइले तू म्हनता, थे."

"लेकराइले तू नाई म्हनाव त काय म्हनाव?" मग त्या माझ्याकडे नीट वळल्या. "तू त इकडचीच दिसते. मंग तुले त मालूम असन, सांबार कशाले म्हनते."

"हो मावशी."

"त्या पोरीले काय पायजे होतं मंग?"

"इडलीची दाळ. त्याइच्याकडे तिले सांबार म्हनते."

त्या हसल्या. खरंच हसल्या, कपाळाला हात लावून. "हात् माय. अन् म्या कोरडा पाला देल्ला लेकराले. लिही बाई, लिही. हेच लिही. माज केला असं नको लिहू, थे म्या नाई केलं. चुकून झालं असं लिही."

मी बॅगेतून कागद काढला. समास सोडला. 'विनंती अर्ज' लिहिलं. आठ दिवसांपूर्वी जो शब्द फाडून टाकला होता तो आता दुसऱ्याच ओळीत लिहिला आणि मला वाटलं, निस्तरलं. कुणाला काही न कळता निस्तरलं. मनातल्या मनात मी स्वतःची पाठ थोपटायला लागले होते.

मावशींनी झेरॉक्स गुडघ्यावर पसरली होती. त्या माझ्या हाताकडे बघत होत्या, मग झेरॉक्सकडे, मग परत हाताकडे. त्यांचं बोट एका वेलांटीवर थांबलं. मी वेलांटी मागून फार लांब ओढते, बाबांची सवय. त्यांनी तेच बोट माझ्या कागदावरच्या वेलांटीवर आणलं.

"हे अन् हे एकाच हातचं हाय," त्या म्हणाल्या.

अक्षरओळख नसलेल्या बाईला मी तोंडावर खोटं सांगू शकले असते. सगळ्यांचं अक्षर सारखंच असतं म्हणाले असते. का कोण जाणे, तेवढं जमलं नाही.

"हो मावशी. मीच लिवला थो."

 मग त्यांनी झेरॉक्सची घडी केली आणि उठल्या.

"राहू दे. दुसऱ्या कोनाकून लिहून घेईन."

माझा अर्धा लिहिलेला कागद त्यांनी घेतला नाही.

दोन दिवसांनी रूममेट धावत खोलीत आली. मोरीवरच्या मावशी सरळ तिच्याकडेच गेल्या होत्या, ज्या मुलीला त्रास झाला तिच्याचकडे, आणि म्हणाल्या होत्या की माझा एवढा अर्ज लिहून दे. तिनंच लिहून दिला, स्वतःच्या गिचमिड अक्षरात. मग रेक्टरकडे जाऊन तक्रार मागे घेतली. मग मोरीवर जाऊन मावशींचे पाय धरले. ती हसत होती, तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

"अगं, इकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात! आपण किती मूर्ख आहोत." मग थांबून म्हणाली, "तू तर इकडचीच ना? तुला माहीत नव्हतं?"

अर्ज कुणी लिहिला हे तिला आधीपासून ठाऊक होतं. पण मला सगळं कळत होतं, हे मावशींनी तिला सांगितलेलं नव्हतं. सांगायचं असतं तर त्यांना एक वाक्य पुरलं असतं.

"आमच्या घरी कोथिंबीरच म्हणतात," मी म्हणाले. "बाबा शिक्षक आहेत ना."

ती बरं म्हणाली. तिनं विश्वास ठेवला. ती चांगली मुलगी होती, आणि हे मला अजूनही अडचणीचं वाटतं.

पुढच्या सोमवारी मावशी काउंटरवर परत आल्या. रांग लांब होती. पुढच्या मुलींना त्या पहिल्यासारखंच वाढत होत्या. "घे न बाई, आनखी एक घे. तू काल कुठं गेलती?" रूममेटला तर त्यांनी वाटीभर दाळ जास्त दिली, आणि वर चिमूटभर सांबार टाकून दोघी खळखळून हसल्या. मग माझा नंबर आला. मी ताट पुढे केलं. त्यांनी दोन पोळ्या ठेवल्या, भाजी नीट वाढली, सांडू दिली नाही.

"घ्या," त्या म्हणाल्या. "आनखी पायजे असन त सांगा."

मी पुढची साडेतीन वर्षं त्याच रांगेत जेवले. मला त्या एकदाही तू म्हणाल्या नाहीत.